मोटारीचा दिवा आणि पेढीचा काटा

(एका घाऊक धान्यव्यापाऱ्याचे विचार, वासणा, बडोदे)

संघाच्या स्मरणिकेसाठी आपणही चार ओळी लिहाव्यात, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा धान्याचे भाव, करांचे ओझे किंवा व्यापारातील नवी पिढी यांपैकी एखादा विषय मी निवडीन, अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु त्या विषयांवर अधिकाराने लिहिणारे सभासद आपल्यात पुष्कळ आहेत. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि उभे आयुष्य हाथीखान्याच्या बाजारात धान्याच्या पोत्यांत काढलेला मनुष्य. मला साठी उलटल्यावर एक धडा मिळाला, आणि तो मोटारीच्या इंजिनातील अंगठ्याएवढ्या एका वस्तूने दिला. तो आपल्या पेढीलाही लागू पडतो असे वाटल्यावरून हा विषय बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

आपल्यापैकी ज्यांनी अँबॅसिडर किंवा प्रीमियर पद्मिनी चालविली असेल, त्यांस जुन्या इंजिनाची रीत ठाऊक आहे. कार्ब्युरेटरात हवा व पेट्रोल यांचे मिश्रण होई, आणि ते कमी-अधिक झाले की मिस्त्री कान लावून ऐके व पेचकसाने एक-दोन आटे फिरवी. पुढे प्रदूषणाचे नियम कडक झाले. भारतात 2000 सालापासून भारत-स्टेज या नावाचे नियम पायरीपायरीने आले, आणि 1 एप्रिल 2020 पासून त्यांची सहावी पायरी देशभर लागू झाली. मिश्रण इतके नेमके ठेवणे कानाच्या व पेचकसाच्या आवाक्याबाहेरचे होते. एक किलो पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे 14.7 किलो हवा लागते. हे प्रमाण क्षणोक्षणी सांभाळण्याचे काम गाडीतील संगणकाकडे आले.

हा संगणक म्हणजे गादीवर बसलेला मुनीमच म्हणावा. तो स्वतः बाजारात जात नाही, गावोगावच्या अडत्यांकडून जे निरोप येतात त्यांवरून सौदे ठरवितो. इंजिनातील अडत्ये म्हणजे सेन्सर. हवेचे दार, ज्यास मिस्त्री लोक थ्रॉटल म्हणतात, ते किती उघडले आहे हे एक सेन्सर सांगतो. इंजिनाचे पाणी किती तापले हे दुसरा सांगतो. धुरात प्राणवायू किती उरला हे तिसरा सांगतो; बॉश कंपनीने बनविलेला हा तिसरा सेन्सर 1976 साली व्होल्व्हो गाड्यांत प्रथम बसविला गेला. निरोप खरा असेल तोवर मुनिमाचा सौदा बिनचूक होतो. निरोप खोटा आला तर मुनीम कितीही हुशार असला तरी पेढी बुडवितो.

निरोपांचा मेळ बसेना की संगणक चालकापुढे इंजिनाच्या आकृतीचा एक पिवळा दिवा लावतो आणि आपल्या स्मरणात एका दोषाचा आकडा नोंदवून ठेवतो. हा दिवा काय सांगतो? आपण समजतो की अमुक भाग बिघडला. वस्तुतः तो एवढेच सांगतो की, अमुक बाजूने येणारा निरोप मला पटत नाही. त्या बाजूस सेन्सर आहे, तार आहे, तारेचा कपलर आहे आणि खुद्द इंजिनही आहे. यांपैकी दोषी कोण, याचा निवाडा दिवा करीत नाही. तो साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

आता प्रत्यक्ष घडले ते सांगतो. ऑगस्ट 2024 च्या अखेरीस विश्वामित्रीला आलेला पूर आपण सारे विसरलेलो नाही. काळ्या घोड्याजवळच्या पुलाशी धोक्याची पातळी 26 फूट, आणि पाणी गेले 35 फुटांच्या वर. मगरी वस्तीत शिरल्या, दुकानांतील माल गेला, तळघरांत ठेवलेल्या शेकडो गाड्या बुडाल्या. वासण्यातील आमच्या गल्लीत पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत चढून दीड दिवस राहिले. माझी गाडी 2005 सालची, पेट्रोलवर चालणारी, जुनी परंतु इमानी. पाणी ओसरल्यावर आम्ही ती सुरू करण्याची घाई केली नाही, आणि ते बरे झाले. कारण इंजिनात पाणी शिरले असता चावी फिरविली, तर आतील दांडे वाकतात आणि गाडी कायमची जाते. मिस्त्रीने तपासून दिली, तेल बदलले, गाडी चालू झाली. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला.

दिवाळीनंतर मात्र गाडीचे लक्षण बदलले. सिग्नलपाशी उभी असता इंजिनाचा वेग आपोआप चढे व उतरे, जणू कोणी पायाने दाबून सोडीत आहे. लिटरला चौदा किलोमीटर जाणारी गाडी दहावर आली. मग एके दिवशी तो पिवळा दिवा लागला. एका गॅरेजात नेली. त्यांनी दोषाचा आकडा पाहून थ्रॉटलचा सेन्सर गेला असे सांगितले व 2,800 रुपयांचा नवा बसविला. दिवा विझला. आठ दिवसांनी पुन्हा लागला. दुसऱ्या ठिकाणी नेली. तेथील मिस्त्री म्हणाला, “शेठ, सेन्सर नवा आहे, म्हणजे आता संगणकच गेला. सोळा हजार धरून चाला.” मी पैसे काढण्याच्या बेतात होतो हे येथे कबूल केले पाहिजे. व्यापाऱ्याचा वेळ मोलाचा, या सबबीवर आपण किती ठिकाणी न विचारता पैसे मोजतो, याचा हिशेब कोणी मांडीत नाही.

त्या रविवारी माझा भाचा घरी आला. तो येथील कलाभवनात, म्हणजे आताच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखेत शिकलेला. सारी हकीकत ऐकून त्याने विचारले, “मामा, सेन्सर बदलला, दिवा विझवला, आता संगणकही बदलताय. पण कुणी काही मोजलं का?” कोणीही काही मोजले नव्हते. दोषाचा आकडा वाचला गेला होता, मोजमाप झाले नव्हते. आयुष्यभर प्रत्येक पोते काट्यावर चढवून घेणाऱ्या मनुष्याला हा प्रश्न झोंबला.

घराच्या ओट्याशी गाडी उभी केली. साधने काय, तर बाजारात चारपाचशे रुपयांस मिळणारा साधा मल्टिमीटर, दोन टाचण्या आणि त्या गाडीची दुरुस्ती-पुस्तिका. थ्रॉटलच्या सेन्सरला तीन तारा असतात. एकीवरून संगणक त्यास 5 व्होल्टचा दाब पुरवितो, दुसरी अर्थिंगची, तिसरीवरून निरोप परत जातो. हवेचे दार बंद असता निरोप अर्ध्या व्होल्टच्या आसपास असावा, आणि दार हळूहळू पूर्ण उघडले की तो मध्ये कोठेही न अडखळता साडेचार व्होल्टच्या जवळ जावा. कपलर जागेवर ठेवून, मागील बाजूने टाचणी हलकेच आत सरकवून, तारेचे वेष्टन न भोसकता, इंजिन बंद व चावी चालू ठेवून हे मोजता येते.

पुरवठा बरोबर 5 व्होल्ट निघाला. बंद दारावर निरोप 0.52, तोही बरोबर. मी म्हटले, सारे ठीकच आहे. भाचा म्हणाला, “अजून तिसरी तार राहिली.” त्याने मल्टिमीटरचे काळे टोक बॅटरीच्या ऋण टोकास व तांबडे सेन्सरच्या अर्थिंगच्या तारेस लावले. तेथे जवळजवळ शून्य यावयास हवे होते, आले 0.4 व्होल्ट. तार हाताने हलविली की आकडा खालीवर नाचू लागे. तार धरून मागे जाता बंपरच्या आत, अगदी खालच्या बाजूस एक कपलर सापडला. पुराचे पाणी तेथेच दीड दिवस साचले असणार. उघडून पाहतो तो पितळेच्या पिना हिरव्यागार कळकलेल्या!

तराजूच्या भाषेत सांगावयाचे तर तेथे 0.4 चा पासंग बसला होता. दार बंद असताही संगणकास ते थोडे उघडे भासे, म्हणून उभ्या गाडीत इंजिनाचा वेग स्थिर राहीना. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर त्याच अर्थिंगवर होता. त्याचा निरोप वाढून जाई, संगणकास इंजिन आहे त्याहून थंड वाटे आणि तो जास्त पेट्रोल ओती. जुना सेन्सर निर्दोष होता. नवाही निर्दोष होता. संगणक तर बिचारा मिळाल्या निरोपावर प्रामाणिकपणे काम करीत होता.

मग बंद दारावर 0.52 हा बरोबर आकडा कसा आला? येथेच खरा बोध आहे. या जुन्या गाड्यांत सेन्सर ज्या दोन स्क्रूंनी बसवितात, त्यांची भोके लांबट असतात, म्हणजे सेन्सर किंचित फिरवून जुळविता येतो. पहिल्या गॅरेजात नवा सेन्सर बसविल्यावर आकडा जास्त आला असणार, तेव्हा कारण न शोधता त्यांनी सेन्सर फिरवून आकडा जुळवून टाकला. परिणाम असा की, कळकलेला जोड क्षणभर नीट टेके तेव्हा निरोप फारच खाली जाई आणि दिवा लागे. एकदा खोट्यावर बेतून माप ठेवले की पुढे खरे बोलणेच चूक ठरते, ते असे.

आम्ही बॅटरीचे ऋण टोक सोडविले, पिना मऊ ब्रशाने व विजेच्या जोडांसाठी मिळणाऱ्या फवाऱ्याने स्वच्छ केल्या, वाळविल्या, कपलर घट्ट बसविला. बॅटरी पुन्हा जोडली. आता अर्थिंगवर 0.02, आणि बंद दारावर निरोप फक्त 0.15. मग दोन्ही स्क्रू अगदी किंचित ढिले करून सेन्सर केसभर फिरवीत मल्टिमीटरकडे पाहत गेलो, 0.52 येताच एक-एक करून स्क्रू आवळले, आणि आवळताना आकडा सरकला नाही ना हे पुन्हा पाहिले. दार हाताने सावकाश उघडून निरोप सारखा चढतो याची खात्री केली. दीड तासाचे काम. दिवा विझला तो विझलाच, आणि गाडी पुन्हा लिटरला चौदावर आली.

भाचा हात धुऊन जेवावयास बसला. मला मात्र घास उतरेना, कारण मला एक जुनी गोष्ट आठवली होती. ती मी आजवर कोठे लिहिली नाही.

2016 च्या पावसाळ्यात आमच्या वखारीतून जाणाऱ्या मालाबद्दल तक्रारी येऊ लागल्या. आमच्या वजनात व गिऱ्हाइकाच्या वजनात पोत्यामागे पाव-अर्धा किलोची तफावत पडे. काटा विजेवर चालणारा, नवा. ठळक तांबड्या आकड्यांत वजन दाखविणारे यंत्र खोटे कसे बोलेल? मी मापाड्यास, ज्यास आमच्या बाजारात तोलाट म्हणतात, दोष दिला. एकोणीस वर्षांचा माणूस. त्याने शपथेवर सांगितले की आपण काही केले नाही. मी त्यास कामावरून कमी केले. चार महिन्यांनी काट्याच्या तपासणीची व मुद्रांकनाची मुदत आली. आलेल्या कारागिराने 20 किलोचे प्रमाणित वजन फळीच्या चारही कोपऱ्यांवर पाळीपाळीने ठेवले. तीन कोपरे बरोबर, चौथ्यावर तिनशे ग्रॅमचा फरक. फळीखालील तारांच्या पेटीत पावसाची ओल शिरली होती. त्या काट्याच्या चार पायांतही चार सेन्सरच असतात हे मला त्या दिवशी कळले. मी नेहमी वजन मधोमध ठेवून काटा पारखीत असे.

मी त्या तोलाटाच्या घरी गेलो. त्याने मला बसावयास खुर्ची दिली, चहा दिला, मी दिलेली पगाराची बाकी मोजून घेतली. पेढीवर मात्र तो परत आला नाही.

पेढीत सेन्सर खोटा बोलत होता आणि मी माणसास दोषी ठरविले. गाडीत सेन्सर खरा होता आणि आम्ही त्यासच शिक्षा केली. दोन्ही ठिकाणी चूक एकच. साक्षीदाराची साक्ष न तपासता निकाल दिला गेला. माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्याच्या सांगण्यावरून आपण पैसा खर्च करणार किंवा कोणाची भाकरी तोडणार, ते यंत्र असो वा मनुष्य, त्याची साक्ष आधी मोजून पाहावी. आणि मोजमाप चुकीचे आले तर आकडा जुळवू नये, कारण शोधावे.

यावर कोणी म्हणेल की, आपण व्यापारी. गाड्या दुरुस्त करणे हा आपला धंदा नव्हे. आक्षेप खोटा नाही. प्रत्येक सभासदाने रविवारी बॉनेट उघडून बसावे असे मी म्हणत नाही. मिस्त्रीचे कसब मोठे आहे, त्याच्या पोटावर पाय देण्याचीही माझी इच्छा नाही. परंतु तीन प्रश्न विचारण्यास मिस्त्री व्हावे लागत नाही. दोषाचा आकडा कोणता होता? त्या जागी मोजल्यावर काय आले आणि पुस्तिकेप्रमाणे काय यावयास हवे? अर्थिंग व कपलर पाहिले काय? जो कारागीर या तीन प्रश्नांची उत्तरे देतो, त्यास दोन पैसे अधिक द्यावेत. ज्याच्यापाशी उत्तरे नाहीत, तो आपल्या पैशाने अंदाज करीत आहे असे समजावे.

ज्यांस हौस आहे त्यांनी घरी काय करावे व काय करू नये, हेही थोडक्यात सांगतो. तापमानाचा सेन्सर पारखणे फार सोपे आहे. इंजिन पूर्ण थंड असता तो काढून, स्वयंपाकात पुन्हा न वापरावयाच्या भांड्यात पाणी घेऊन त्याचे टोक बुडवावे व शेजारी तापमापक ठेवावा. बहुतेक गाड्यांत खोलीच्या उष्णतेस त्याचा रोध दोन-अडीच हजार ओहम असतो व पाणी 80 अंशांवर गेले की तो सुमारे तिनशेवर उतरतो. जसजसे पाणी तापेल तसतसा आकडा उतरत गेला तर सेन्सर इमानी आहे. नेमके आकडे मात्र आपल्या गाडीच्या पुस्तिकेतीलच धरावेत. 2010 नंतरच्या बहुतेक गाड्यांत दोषाचा आकडा वाचणारे लहानसे यंत्र स्टिअरिंगखाली जोडता येते व ते भ्रमणध्वनीवर दिसते. माझ्यासारख्या जुन्या गाडीवर ते चालेलच असे नाही.

तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. पंखा इंजिन बंद असताही अचानक फिरू लागतो, म्हणून उपरणे, पदर व बाही सांभाळावी. एअरबॅगच्या पिवळ्या व विजेवरील गाड्यांच्या नारिंगी तारांस हात लावू नये. ज्या नव्या गाड्यांत थ्रॉटल विजेनेच उघडते, तेथे सेन्सर फिरवून जुळविण्याची सोयच नसते. तेथे बोट घालणे म्हणजे बोट गमावणे. आणि धुरातील प्राणवायूच्या सेन्सरास फसवून दिवा विझविण्याची जी युक्ती काही ठिकाणी विकली जाते, ती कदापि करू नये. तराजूखाली मेण लावणाऱ्यास आपण बाजारातून उठवितो. शेजाऱ्याच्या श्वासाचे माप मारणाराही त्याच पंक्तीतला आहे.

आपल्या बडोद्यास या बाबतीत उत्तम वारसा आहे. सयाजीराव महाराजांनी 1890 साली कलाभवन स्थापिले. डोक्याची विद्या व हाताची विद्या यांची तेथे गाठ घालण्यात आली. पुढे चित्रपटसृष्टीचे जनक ठरलेले दादासाहेब फाळके तेथेच शिकले. त्याच शहरात आपली मुले हजारो रुपयांचे यंत्र खिशात बाळगतात, परंतु मल्टिमीटर हातात धरीत नाहीत. ज्या घरी काटा पारखण्यास प्रमाणित वजन आहे, त्या घरी एक मल्टिमीटरही असावा. सुटीच्या दिवशी मुलगा व मुलगी दोघांनाही हाताशी घेऊन गाडीच्या बॅटरीचा दाब तरी मोजावा. मोजण्याची सवय एकदा लागली की ती गाडीपुरती राहत नाही, वहीखात्यात व माणसांच्या पारखीतही उतरते.

आमच्या वखारीत आता दर सोमवारी सकाळी प्रमाणित वजन चारही कोपऱ्यांवर ठेवले जाते आणि चार आकडे वहीत लिहिले जातात. मी नसलो तर मुलगा लिहितो. एका मापाड्याची एकोणीस वर्षे या वहीने परत येणार नाहीत हे मी जाणतो. तरीही ती लिहिली जाते. सभासद बंधूंनी आपापल्या वखारीत याच सोमवारपासून तशी वही घालावी, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.